नव्व्याण्णव टक्के शर्मिष्ठा

मी खवचट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको. चंदगिरी दूध संघात बत्तीस वर्षं मी संगणकांचा कारभार पाहिला. यंत्रं चालू ठेवणं आणि चोरांना बाहेर ठेवणं, एवढंच काम. पण ते काम असं की सगळं सुरळीत चाललं तर 'ही बाई दिवसभर करते तरी काय?' आणि काही बंद पडलं तर 'ही बाई करत काय होती?' अशा कामात माणूस गोड राहील कसा, सांगा मला.

२००९ साली लागले तेव्हा रोजची नोंद टेपवर उतरवून ती टेप मी पर्समधून घरी नेत असे. कुणीतरी पेन ड्राइव्हमधून लग्नाचे फोटो आणायचा आणि त्याबरोबर अख्ख्या संघाला पुरेल इतका व्हायरस आणायचा. पासवर्ड विचाराल तर अर्ध्या संघाचा १२३४ आणि उरलेल्यांचा बायकोचं नाव. तेही स्क्रीनला चिठ्ठीवर लिहून चिकटवलेलं. मी ओरडायचे. लेखी ओरडायचे. 'डोळे आहेत की बटणं?' हे माझं ठरलेलं वाक्य. कॉरिडॉरमध्ये माझ्या चपलांचा आवाज आला की लोक पटापट चिठ्ठ्या फाडायचे, आणि खरं सांगू, मला ते आवडायचं.

मग २०३६ साली पासवर्ड गेले आणि 'परिचय' आलं.

परिचय म्हणजे काय, ते दोन शब्दांत सांगते. पासवर्ड चोरता येतो, अंगठ्याचा ठसा उचलता येतो, आवाज तर आता शाळेतली पोरंही हुबेहूब बनवतात. पण माणसाच्या सवयी? 'क' दाबल्यावर 'र' दाबायला तुम्हाला किती वेळ लागतो, चुकल्यावर एक अक्षर पुसता की अख्खी ओळ, 'होय'वर बोट ठेवण्याआधी किती थांबता, पत्रात कुठले शब्द वापरता, खिशात फोन असताना पावलं कशी पडतात, अशा सुमारे अकराशे गोष्टी परिचय मोजत असे. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. या अकराशे आकड्यांचा जो गठ्ठा व्हायचा तो म्हणजे तुम्ही. कामाला बसलात की परिचय तुम्हाला सतत जोखत राहायचं आणि कोपऱ्यात एक आकडा दाखवायचं, त्याला आम्ही जुळणी म्हणायचो. माझी जुळणी सत्त्याण्णवच्या खाली कधी आली नाही. मी रोज तितक्याच जोरात कळा बडवायचे आणि तितकंच तिरकं लिहायचे. संघातली सर्वांत पक्की किल्ली म्हणजे माझा राग, असं लोक म्हणायचे.

भानगड एकच होती. परिचयला तुम्ही कालच्यासारखेच लागायचे. गावातल्या बँकेच्या शिपायाने गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं, चांगला तरातरा चालायला लागला, तर बँकेचं दारच उघडेना! बिचारा महिनाभर दारापर्यंत मुद्दाम लंगडत जायचा आणि आत गेला की सरळ चालायचा. एका मास्तरांनी तंबाखू सोडली, तर मधेच थुंकायला उठण्याचा त्यांचा वेळ गायब झाला, आणि त्यांना हजेरीपट उघडता येईना. नियमच होता. जुळणी सलग चाळीस दिवस साठच्या खाली राहिली, तर मोठ्या अधिकाराची किल्ली काढून घ्यायची. माझ्याकडे मुख्य चावी होती. तिच्यावर सगळे शीतकक्ष, सगळ्या टाक्या, सगळे व्हॉल्व्ह चालायचे. हाताने फिरवायची चाकं तर यंत्र आलं तेव्हाच भंगारात गेली होती.

अशात डॉक्टर आले.

डॉक्टर दिगंबर मगदूम, आमच्या संघाचे जनावरांचे डॉक्टर. एका म्हशीने त्यांच्या उजव्या हातावर लाथ मारली, हात गळ्यात आला, डाव्या हाताने टाइप करायला गेले तर परिचयने हाकलून दिलं. माझ्याकडे आले. मी वर न बघता म्हटलं, "म्हशीला नीट धरता येत नाही, निदान कीबोर्ड तरी धरा."

हा माणूस हसला. मोठ्यांदा. "म्हस बरी होती ओ, मॅडम. तिनं एकदाच मारली."

हात बरा होईपर्यंत रोज त्यांना माझ्यासमोर बसून ओळख पटवावी लागायची. चौदा दिवस. चौथ्या दिवशी ते दशमी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आले. नवव्या दिवशी मी माझ्या डब्यातली भाजी दिली. हात बरा झाल्यावरही ते आले, तेव्हा मी विचारलं, "आता काय दुखतंय?" ते पहिल्यांदाच न हसता म्हणाले, "घरात कुणी बोलणारं न्हाई, ते." त्यांची पत्नी जाऊन सहा वर्षं झाली होती. मी तर लग्नच केलं नव्हतं. मी चोपन्न, ते सत्तावन्न. दोन महिन्यांनी आम्ही निबंधक कार्यालयात सह्या केल्या. मी इतकी खूश होते, इतकी, की मलाच माझी लाज वाटायची.

आणि माझी जुळणी घसरायला लागली.

ब्याण्णव. चौऱ्याऐंशी. एकाहत्तर. माझी बोटं हळू पडायला लागली होती. पत्रांत 'कृपया' यायला लागलं होतं. माझ्या हाताखालच्या तबस्सुम मुलाणीला मी एकदा 'शाब्बास' लिहिलं, तर तिने घाबरून विचारलं, "मॅडम, काय चुकलं का माझं?" तबस्सुम चौतिशीची, पाच वर्षं माझ्या हाताखाली, कामाला वाघीण. पण माझ्यापुढे तोंडातून शब्द नाही, कारण पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं होतं, "मी सांगितल्यावर उलट विचारायचं नाही. यंत्रं तेवढ्यात जळतात."

आकडा त्रेपन्नवर आला आणि माझी झोप उडाली. मी जोरात कळा बडवून पाहिल्या, तिरकं लिहून पाहिलं. पण राग उसना आणला की परिचयला कळतं, त्यात थबकणं वेगळं असतं. शेवटी मी ते केलं, जे बत्तीस वर्षं दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला वेशीपर्यंत पळवत नेलं असतं. माझ्याच जुन्या नोंदी काढल्या आणि त्यांवर एक लहानसा डबा शिकवून तयार केला. कीबोर्ड आणि संगणक यांच्या मधे तो बसायचा. मी आत्ताच्या बोटांनी टाइप करायचे, तो ते पकडून धरायचा आणि जुन्या शर्मिष्ठेच्या ठेक्यात पुढे सोडायचा. यंत्राला कळायचं, बाई तीच आहे. त्याचं नाव मी ठेवलं थोरली.

थोरली बसवली आणि जुळणी नव्व्याण्णव झाली! मी स्वतः कधी नव्व्याण्णव नव्हते.

घरी डॉक्टरांना सांगितलं, तर जेवता जेवता त्यांचा हात थांबला. "म्हणजे तू हितं आणि ती तिकडं कामावर?"

"तसंच काहीसं."

"अगं, सरळ जाऊन सांग की साहेबांना. म्हणावं, बदलले मी. नवी ओळख नोंदवा."

"नवी नोंदवली तर शिकाऊ म्हणून खालून सुरुवात. मुख्य चावी गेली. डॉक्टर, ती चावी म्हणजे माझी बत्तीस वर्षं आहेत."

ते नुसते ताटातली भाकरी मोडत राहिले. मला तेव्हाच समजायला हवं होतं, पण अभिमान आड आला. असो.

तीन महिने मजेत गेले. मग एका गुरुवारी मी रजा घेतली. आयुष्यातली बारावी रजा असेल. डॉक्टरांचं नेसरीजवळच्या एका वस्तीवर लसीकरणाचं शिबिर होतं, मी बरोबर गेले. सकाळचे आठ वाजले होते, मी एका द्वाड वासराचं दावं धरून उभी होते आणि ते माझा पदर चघळत होतं. तेवढ्यात फोन वाजला. तबस्सुम.

"मॅडम..." तिचा आवाज चिरकला होता. "माझ्यावर रागावलाय का? काही चुकलं असेल तर सांगा, पण चार महिन्यांनी एकदम असं ओरडलात, म्हणून..."

"मी कधी ओरडले?"

"आत्ताच लिहिलंत की, रजेवर असूनही. 'मुलाणी, डोळे आहेत की बटणं? टाक्यांची चाचणी चालू आहे, कशाला हात लावू नकोस.' मी नाही लावला. सात मिनिटं झाली. पण मॅडम, शीतकरण बंद झालंय आणि टाक्यांच्या कवचात धुण्याचं गरम पाणी सुटलंय. चार अंशांवरून सहावर आलंय दूध."

माझ्या हातातलं दावं सुटलं.

एका क्षणात सगळं कळलं. कुणीतरी थोरलीत शिरलं होतं. आणि शिरलं कसं, तेही कळलं, आणि तिथेच कपाळाला हात लावून मी खाली बसले. त्या डब्याला बाहेरून सुधारणा यायच्या म्हणून मी तो जाळ्याला जोडला होता. जुन्या पद्धतीचं यंत्र, त्याला पासवर्ड लागतो. 'नंतर नीट देऊ' म्हणून मी घाईत एक देऊन ठेवला होता. शर्मिष्ठा१२३.

हसा. मीही आता हसते. तेव्हा पाचावर धारण बसली होती.

"तबस्सुम, ती मी नाही. चोर आहे. माझी चावी रद्द कर."

मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, टेबलावरच्या संगणकातल्या मॅडमची जुळणी नव्व्याण्णव दाखवतेय. तुम्ही ज्या फोनवरून बोलताय त्याची अडतीस. आवाज तर कुणीही काढतं. तुम्हीच शिकवलंय, यंत्र म्हणेल तेच खरं मानायचं."

शिकवलं होतं. शब्द न् शब्द माझा होता.

एवढ्यात पलीकडून आमचे कार्यकारी संचालक पाटणकर यांचा आवाज आला. तबस्सुमने त्यांनाही ओळीवर घेतलं होतं. मुख्य चावी रद्द करायला दोघांनी मिळून बटण दाबावं लागतं, आणि कारण बोलून नोंदवावं लागतं. "साडेसहा अंश," पाटणकर म्हणाले. "दोन लाख साठ हजार लिटर दूध आहे टाक्यांत. दहाच्या वर गेलं की गटारात ओतायचं. तुम्ही कोण आहात आणि माझा वेळ का घेताय?"

आठ हजार घरांनी पहाटे उठून काढलेलं दूध होतं ते.

मनात एक पळवाट आली, खोटं कशाला बोलू? तबस्सुमला म्हणावं, माझ्या संगणकाची वायर काढ. डबाही मग गुपचूप काढून घेता येईल. पण चोर काही खुळा नव्हता. अकराशे आकड्यांचा गठ्ठा त्याने एव्हाना उचलला असणार, आता तो कुठूनही शर्मिष्ठा होऊ शकत होता. वायर काढून काही होणार नव्हतं. ती जुनी शर्मिष्ठाच मुळापासून पुसायला हवी होती. आणि ती पुसली की मला परत आत घेणारं काही उरत नव्हतं. डॉक्टर सिरिंज हातात धरून माझ्याकडे बघत होते. वासराचं दावं त्यांनी उचलून धरलं.

"नोंद चालू आहे ना?" मी विचारलं. "मग ऐका. मी शर्मिष्ठा खराडे. माझी जुळणी तीन महिने खोटी आहे. तबस्सुम, माझ्या टेबलाखाली, डाव्या हाताला, चिकटपट्टीने लावलेला एक करडा डबा आहे. त्याच्यावर माझ्या अक्षरात 'थोरली' लिहिलंय. तो मी बनवला. यंत्राला फसवायला. चोर त्यातूनच आत आलाय. मी सांगते म्हणून विश्वास ठेवू नकोस. वाक आणि डोळ्यांनी बघ."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग चिकटपट्टी ओरबाडल्याचा.

"आहे," तबस्सुम म्हणाली. "सर, आहे."

"अहो, पण खराडे बाईंनी? खराडे बाईंनी असं केलं?" पाटणकरांना ते पचेना.

"केलं. मागाहून काय बोलायचं ते बोला. आता यंत्रातल्या शर्मिष्ठेला हाकला. सगळी पुसा. बत्तीस वर्षांतलं काही शिल्लक ठेवू नका."

तबस्सुमचा आवाज ओला झाला. "मॅडम, तुमचं सगळं जाईल."

"नव्व्याण्णव टक्के जुळते ना ती? अगं, जिवंत माणूस कधी नव्व्याण्णव टक्के कालच्यासारखा असतो का? तिला बाहेर काढ. मी इथे आहे."

दोघांनी बटण दाबलं. माझी चावी गेली. अर्ध्या मिनिटात चोराच्या हातातलं सगळं सुटलं, तबस्सुमने गरम पाणी तोडलं, शीतकरण सुरू केलं. दूध सात पूर्णांक आठवर थांबलं, मग उतरायला लागलं. चोराला पुढे काय मागायचं होतं ते आम्हाला कळलंच नाही, कारण तिथवर आम्ही त्याला येऊच दिलं नाही. माझ्या हातातला फोन मात्र म्हणाला, 'आपण कोण आहात ते ओळखता आलं नाही.' मी ढसाढसा रडले. डॉक्टरांनी एका हाताने मला धरलं आणि दुसऱ्या हाताने वासरू, आणि दोघांनाही सारखंच थोपटलं.

माझ्यावर कारवाई झाली, व्हायलाच हवी होती. मुख्य चावी तबस्सुमकडे गेली. मला काढून टाकावं असं दोघा संचालकांचं म्हणणं होतं, पण मी कबुली दिली म्हणून दूध वाचलं हेही नोंदीत होतं. शेवटी ठरलं, की खराडे बाईंनी तबस्सुम मुलाणींच्या हाताखाली शिकाऊ म्हणून खालून सुरुवात करावी. शिवाय परिचय चालवणाऱ्यांना आम्ही कळवलं, की नव्व्याण्णवच्या वर जुळणी गेली तर धोक्याची घंटा वाजवा. हे मात्र माझं डोकं.

सोमवारी मी नवी ओळख नोंदवायला बसले. परिचयला सुरुवातीला चार नमुने लागतात. शांत असताना लिहिलेलं, घाईत लिहिलेलं, दमल्यावर लिहिलेलं आणि रागात लिहिलेलं. पहिले तीन झाले. चौथा होईना.

"मॅडम, आठवा ना काहीतरी," तबस्सुम म्हणाली. "व्हायरसवाले लग्नाचे फोटो?"

"छान होते गं ते फोटो. नवरी गोड होती."

तिने चिठ्ठीवर १२३४ लिहून माझ्या स्क्रीनला चिकटवलं. मला हसू आलं. डॉक्टरांना फोन लावला, तर त्यांनी सकाळी ओला टॉवेल गादीवर टाकल्याचं कबूल केलं. मी म्हटलं, वाळेल. यंत्राने तिन्ही वेळा लिहिलं, 'नमुना अपुरा'. आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो.

तेवढ्यात पाटणकर दारात आले. हातात एक कागद. "मुलाणी, तुमचा आदेश आहे. त्या दिवशी सात मिनिटं तुम्ही काहीच केलं नाहीत. संचालकांना कुणावर तरी कारवाई दाखवायला हवी. उद्यापासून नेसरीच्या संकलन केंद्रावर. इथलं दुसरं कुणी बघेल."

तबस्सुमचा चेहरा उतरला. ती काही बोलली नाही. उलट विचारायचं नाही हे मीच तिच्यात भरलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कीबोर्ड पुढे ओढला.

'मा. कार्यकारी संचालक यांस. त्या सात मिनिटांत तबस्सुम मुलाणी यांनी माझा हुकूम पाळला. कारण पाच वर्षं मी त्यांना दुसरं काही करूच दिलं नाही. ती सात मिनिटं त्यांची नाहीत, माझी आहेत. आठव्या मिनिटाला त्यांनी फोन उचलून मला विचारलं, की मॅडम, रागावलात का? अख्ख्या संघात, अकराशे आकडे मोजणाऱ्या यंत्रासकट, मी बदलले आहे हे फक्त त्यांच्या लक्षात आलं होतं. त्या एका प्रश्नाने दूध वाचलं. अशा माणसाला तुम्ही कॅन मोजायला पाठवणार असाल, तर आधी मला पाठवा. कुणावर तरी कारवाई दाखवायचीच असेल, तर माझं नाव घाला, ते तसंही रिकामं झालं आहे. शर्मिष्ठा खराडे, शिकाऊ.'

एक अक्षर पुसलं नाही. पडद्यावर हिरवी ओळ आली. 'रागाचा नमुना पूर्ण. धन्यवाद.'

शिकाऊ माणसाचं पत्र वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय बाहेर जात नाही. ते तबस्सुमच्या पडद्यावर जाऊन थांबलं. तिने वाचलं, ओढणीने डोळे टिपले, पुन्हा वाचलं.

"मॅडम, हे माझ्याबद्दलचं पत्र मीच कसं मंजूर करू?"

"चावी ज्यांच्याकडे असते त्यांनीच ठरवायचं असतं," मी म्हटलं. "आणि मला उलट विचारत जा, चालेल. पण आत्ता तेवढं मंजूर करा, मुलाणी मॅडम."

तिने बटण दाबलं. पाटणकरांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून दारातच उभं राहून पत्र वाचलं. एकदा वाचलं, मग माझ्याकडे बघून पुन्हा वाचलं. हातातल्या आदेशाची त्यांनी नीट घडी केली, ती खिशात घातली आणि आत येऊन खुर्ची ओढली.

"चहा सांगा बघू कुणीतरी," ते म्हणाले. "तिघांना."